सात मिनिटांचं पिवळं पाणी

तुम्ही शेवटचं कधी कुणाच्या व्हिडिओखाली 'नाटक' एवढा एकच शब्द लिहून पुढे सरकलात? आठवत नाही ना? नाहीच आठवणार. लिहिणाऱ्याला दोन सेकंद लागतात. ज्याच्या नावानं लिहिलं त्याला तो शब्द घरात घेऊन बसावं लागतं, आणि आंबिवलीजवळच्या मोहन्याच्या पायल रोकडेच्या घरात बसायलाही धड जागा नाही.

सुजातानगर चाळ, दहा बाय बाराची खोली. त्यात पिकोचं मशीन, रिळांचे डबे, सासू शांताबाई, आठ वर्षांची मधु, आणि ड्युटीवर नसेल तेव्हा नवरा महेंद्र. तो भिवंडीच्या गोदामावर वॉचमन आहे, म्हणजे बहुतेक वेळ नसतोच. पायल तेहतीस वर्षांची. शिक्षण विचाराल तर दहावीला गणितानं घात केला, शाळा सुटली ती सुटलीच. पण रंग विचारा! साडीला फॉल लावताना दोरा असा जुळला पाहिजे की टाका शोधून सापडू नये. अकरा वर्षं ती हेच करते. तुम्हीआम्ही ज्याला पांढरा म्हणून मोकळे होतो त्यात तिला मोतिया दिसतो, दुधी दिसतो, चुन्याचा दिसतो. आणि तिचा एक नियम आहे. ट्यूबलाइटखाली रंग जुळवायचा नाही. साडी आणि रीळ घेऊन उंबऱ्यावर जायचं, दिवसाच्या उजेडात बघायचं, मगच दोरा ओवायचा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ती म्हणते, "ताई, ट्यूब खोटं बोलते. थांबा जरा."

ट्यूबवर विश्वास न ठेवणाऱ्या या बाईनं फोनवर ठेवला. तिथंच फसली.

दोन वर्षांपासून ती व्लॉग करते. चॅनेलचं नाव 'मोहन्याची पायल'. फॉल कसा लावायचा, आंबिवलीच्या बाजारात सुकट कोणाकडे चांगली मिळते, विहारात काय कार्यक्रम झाला, असलं सगळं. अकराशे लोक बघतात. मग तिला वाटलं व्हिडिओ सुधारायला हवा. गोल लाइट घेतला, कॉलरला लावायचा माइक घेतला, फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारं बटण होतं ते चालू केलं. शांताबाई म्हणायच्या, "तोंड तेच, उजेड नवीन." पण सुनेचा व्हिडिओ आला की शेजारणीला दाखवायला पहिल्या त्याच.

दिवाळीनंतर चाळीच्या मागं टॉवरचं खोदकाम सुरू झालं. जेसीबीचा दात चाळीच्या पाइपाला कुठंतरी लागला आणि पाणी बिघडलं. इथं एक दिवसाआड पाणी येतं, सकाळी सव्वासात ते आठ. पहिली सात मिनिटं पिवळं, गटाराच्या वासाचं. मग हळूहळू निवळतं. आता गंमत बघा, रांगेत जी पुढे तिच्या हंड्यात पिवळं. आणि पुढे कोण असतं? जिला साडेसातला कामावर पळायचं असतं ती. जानेवारीत मधुला कावीळ झाली. बारा दिवस पोरगी अंथरुणावर होती. चाळीत आणखी चार घरांत तेच.

आणि बिल्डर काय करणार होता? चाळीची गल्ली फुकटात काँक्रीटची करून देणार होता. भेट म्हणून! एकदा का फुटलेल्या पाइपावर आठ इंच काँक्रीट पडलं की पुढची वीस वर्षं तिथं कुदळ मारायला कोण येतंय? पायलनं तक्रार टाकली आणि सोबत व्हिडिओ केला. बादली, नळ, गोल लाइट, माइक, सगळं लावून, आणि घाईत परत न बघताच टाकला.

मंगळवारी पाणी खात्याच्या ऑफिसात सुनावणी झाली. पायल आणि शांताबाई एका बाजूला, समोर बिल्डरचा साइट इंजिनियर गुरुदत्त, मध्ये खात्याचे साहेब. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ.

"मी काही बोलतच नाही साहेब," तो म्हणाला. "मॅडमचाच व्हिडिओ आहे. मोठ्या टीव्हीवर लावू का?"

लावला. टीव्हीवर पायल ओरडून सांगत होती, "बघा मित्रांनो, हे असलं पिवळं पाणी पितो आम्ही!" आणि बादलीत पाणी होतं काचेसारखं. नितळ. मागं टेबलाशी बसलेला कारकून हसला. खालच्या कमेंटही गुरुदत्तनं वाचून दाखवल्या. नाटक. नाटक. व्ह्यूजसाठी काहीही.

शांताबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर आपटली. "हे बघा. डोळे आहेत ना?"

"आजी, बाटलीत चहाचं पाणीपण भरता येतं," गुरुदत्त म्हणाला. "तुम्ही भरलं असं नाही म्हणत मी."

साहेबांनी कागद वर केला. "आमचा माणूस नमुना घेऊन गेलाय. रिपोर्ट चांगला आहे."

"साहेब, तो साडेअकराला आलेला," पायल म्हणाली. "टाकीतलं निवळलेलं घेऊन गेला. सव्वासातला या ना एकदा."

"ऑफिस दहाला उघडतं, बाई."

मग साहेबांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं. पुढच्या मंगळवारी बारा वाजता या. नळ सुटल्यापासूनचं सलग शूटिंग आणा, मध्ये कुठं कापलेलं चालणार नाही. नसेल तर तक्रार निकाली. बुधवारी काँक्रीट पडेल.

म्हणजे हातात तीन सकाळी. गुरुवार, शनिवार, सोमवार.

गुरुवार तर भांडणातच गेला. नळावर नीरजाताईनं तिला उभंच केलं नाही. नीरजाताई म्हणजे विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष, चाळीतली सर्वांत मोठी जीभ. "तुझ्या त्या व्हिडिओनं आमचं वाटोळं केलं," ती हंडा पुढे ढकलत म्हणाली. "गप बसली असतीस तर निदान बाटली तरी चालली असती. आता अख्खी चाळ खोटारडी ठरली. सर बाजूला, मला भरू दे."

पायल तोंडाची फटकळ आहे, पण त्या दिवशी तिनं हंडा उचलला आणि बाजूला सरली. तिलाही कळत नव्हतं. डोळ्याला पिवळं दिसतं, ओंजळीत घेतलं तरी पिवळं दिसतं, मग फोनमध्ये जातं कुठं?

शुक्रवारी उत्तर आलं, तेही कुरिअरच्या पाकिटातून. रविवारच्या वंदनेला बायका पांढऱ्या साड्या नेसतात, त्यातल्या सहा फॉलला आलेल्या. जुन्या होत्या, धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या. पायलनं साडीचा फोटो काढून उल्हासनगरच्या दुकानदाराला पाठवलेला, असाच फॉल द्या म्हणून. पाकीट फोडलं तर आत कोरा, डोळे दिपवणारा पांढरा फॉल. तिचं डोकं सटकलं. फोन लावला.

"शेठ, मी पिवळट मागितला होता. हा काय पाठवलाय?"

"ताई, तुमच्या फोटोत तर पांढरीशुभ्र आहे साडी. तुम्हीच बघा ना."

तिनं बघितलं. फोटोत साडी पांढरीशुभ्र. मांडीवर तीच साडी, पिवळट. ती उठली, उंबऱ्यावर गेली, एका हातात साडी, एका हातात फोन. दहादा मान इकडून तिकडे फिरवली. मग मशीन तसंच उघडं टाकून आंबिवली स्टेशनबाहेरच्या प्रफुल्लच्या स्टुडिओत धावली.

प्रफुल्ल लग्नाचं शूटिंग करतो, महेंद्रचा शाळेतला दोस्त. त्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, ऑटोवर केलंत काय? अहो, फोन स्वतःच ठरवतो पांढरं काय ते. त्याच्यासमोर सगळं पिवळट धरलं ना, तर तो म्हणतो उजेडच पिवळा असणार, चला, काढून टाकू. मी पहिली हळद अशीच शूट केलेली. नवरीच्या अंगावरची हळदच गायब! तिच्या मामानं मारायचं बाकी ठेवलेलं मला."

"मग आता?"

"हा घ्या." त्यानं कपाटातून जुना कॅमेरा काढला. "याला आधी खरा पांढरा दाखवायचा. फ्रेमभर. इथं दाबून सांगायचं, बाबा, हा पांढरा. मग तो हट्ट सोडतो, जे आहे ते दाखवतो. गोल लाइट घरी ठेवा. आणि बॅटरी जुनी आहे, पंधरा-वीस मिनिटं धरा."

तासभर त्यानं शिकवलं. तिनं तीनदा सगळं करून दाखवलं तेव्हाच सोडलं.

शनिवारी पायल सातलाच नळावर. शेजारणींच्या हातापाया पडून तिनं कडेला जागा मिळवलेली. खरा पांढरा हवा म्हणून तिनं काय न्यावं? शांताबाईंची वंदनेची साडी. चाळीत पांढरेपणात त्या साडीचा पहिला नंबर. शांताबाई ती वेगळी धुतात, वेगळ्या दोरीवर वाळवतात, तिला कुणाला हात लावू देत नाहीत. तीच साडी त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी ताणून धरली, मोठ्या ऐटीत. पायलनं फ्रेमभर घेतली, बटण दाबलं. सव्वासातला पाणी आलं. सात मिनिटं हात न हलवता तिनं शूट केलं.

घरी येऊन बघितलं. पाणी काचेसारखं.

पायलनं पुन्हा लावून बघितलं. तेच. कॅमेरा बिघडलाय? प्रफुल्लनं फसवलं? तिनं चिडून सगळी रिळं, कापडं उपसायला सुरुवात केली आणि हाताला तो परत पाठवायचा कोरा फॉल लागला. ती थबकली. फॉल घेऊन उंबऱ्यावर गेली आणि दोरीवरच्या शांताबाईंच्या साडीला लावला.

साडी पिवळी होती. चांगली लोण्यासारखी पिवळी.

"आई," ती हळूच म्हणाली, "जरा इकडे या."

शांताबाई आल्या. बघितलं. "फॉलला नीळ जास्त मारलीय," त्या म्हणाल्या.

"नाही आई. फॉल पाणी न लागलेला आहे. आपली साडी चार महिने त्याच पाण्यात धुतोय आपण."

"माझी साडी पिवळी नाही!" शांताबाईंचा आवाज चढला. "तीस वर्षं वंदनेला जातेय मी. आमच्या आईकडे एकच पांढरं लुगडं होतं, तेसुद्धा असं ठेवलेलं की लोक बघत राहायचे. मला सांगते पिवळी!"

पायलनं हात खाली घेतला नाही. फॉल तसाच धरून उभी राहिली. शांताबाईंनी पुन्हा बघितलं, साडीचं टोक चिमटीत धरलं, फॉलशेजारी नेलं, लांब केलं. मग ओढूनच काढली दोरीवरून आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. रोज थोडं थोडं पिवळं होत गेलं की डोळासुद्धा त्यालाच पांढरं म्हणायला लागतो, हे कॅमेऱ्याचंच दुखणं आहे असं समजू नका. अख्ख्या चाळीला झालेलं ते.

आणि वेळ बघा. एकच सकाळ उरली होती.

सोमवारी पायलनं नळाखालच्या कट्ट्यावर कोरा फॉल पसरला. वर दोन सारखे काचेचे ग्लास. एकात दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीचं पाणी, दुसरा रिकामा, आणि तसेच आणखी सहा रिकामे बाजूला. तिचं गणित पक्कं होतं. पांढरा पट्टा शेवटपर्यंत फ्रेममध्ये दिसला पाहिजे, म्हणजे रंग मारलाय म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही. शांताबाई न बोलवता आल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून फॉलचं टोक दाबून उकिडव्या बसल्या. नीरजाताई हंडा घेऊन कंबरेवर हात ठेवून उभी. "सात मिनिटं म्हणजे सातच हां, पायल. माझं पाणी गेलं तर तुझ्या घरातून नेईन."

सात दहाला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. टँकर! फुकट पाण्याचा टँकर, आणि बाजूला गुरुदत्त. "या ताई, या! आमच्याकडून! कशाला नळावर ताटकळताय?"

अख्खी रांग फुटली. हंडे, कळश्या, बादल्या घेऊन बायका पळाल्या. जाणारच. फुकटचं स्वच्छ पाणी सोडून कोण थांबेल? नीरजाताईसुद्धा दोन पावलं गेली. मग वळून बघितलं. नळाशी एक सून, एक म्हातारी आणि एक कॅमेरा, बस्स. बिल्डरला साक्षीदारच नको होते, एवढं कळायला काही इंजिनियर व्हायला लागत नाही. नीरजाताईनं शिवी हासडली आणि परत येऊन उभी राहिली.

सात पंधरा. पायलनं फॉल फ्रेमभर घेतला, बटण दाबलं, रेकॉर्डिंग सुरू केलं. तारीख आणि वेळ मोठ्यानं बोलली. नळ कोरडा.

सात अठरा. कोरडाच.

"व्हॉल्व्ह बंद केला की काय मेल्यांनी?" नीरजाताई पुटपुटली.

"ताई, आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

"येऊ दे! मेल्यांनीच म्हटलंय, दुसरं तोंडात होतं ते गिळलं."

सात बावीस. बॅटरीच्या खुणेतली एक काडी गेली. पायलनं कोपर गुडघ्यावर टेकवलं. बंद करायचं तर नळ सुटेल तो क्षणच हुकणार. चालू ठेवायचं तर बॅटरी मरणार. तिनं चालू ठेवलं.

सात चोवीसला नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि भसकन पाणी आलं. शांताबाईंनी रिकामा ग्लास खाली धरला, भरला, पहिल्याशेजारी ठेवला. पांढऱ्या पट्ट्यावर दोन ग्लास. एक पाण्याचा. दुसरा कशाचा म्हणायचा, ते त्याला पाणी म्हणणाऱ्यांनीच ठरवावं.

तेवढ्यात कट्ट्यावर सावली पडली. गुरुदत्त येऊन बरोबर उजेडाच्या बाजूला उभा राहिलेला, खिशात हात घालून. "चालू द्या मॅडम, मी नुसता बघतोय."

एरवी पायलनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण टेप चालू होती. ती कॅमेऱ्यातून मान न काढता म्हणाली, "दादा, तुमची सावली फ्रेममध्ये आलीय. असू द्या, पण नाव आणि कंपनी सांगता का मोठ्यानं? नळावर कोण कोण हजर होतं ते रेकॉर्डला हवंय."

सावली गेली.

सातव्या मिनिटापर्यंत शांताबाईंनी दर मिनिटाला एक ग्लास भरला, शेजारी मांडला. पिवळ्याचं निवळत जाणं एका ओळीत दिसायला लागलं. आणि मग, बंद करायच्या आधी, पायलच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, कॅमेरा न थांबवता ती उठली आणि सावकाश वळली. गल्लीचं तोंड, टँकर, त्याच्याभोवतीची झुंबड आणि शेजारी इस्त्रीचा शर्ट. "आणि हा टँकर," ती म्हणाली, "नळाचं पाणी चांगलं आहे म्हणणाऱ्यांनी आज सकाळी स्वतः पाठवलाय." तेवढं बोलून झालं आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली.

प्रफुल्लच्या दुकानात कॉम्प्युटरला कार्ड लावेपर्यंत तिला धीर नव्हता. शेवटचा तुकडा सेव्ह झालाय की नाही? झाला होता. सगळा.

मंगळवारी बारा वाजता तोच टीव्ही, तोच कारकून. या वेळी हसला नाही. गुरुदत्तनं ठरलेलं वाक्य काढलं, "साहेब, कलर केलाय हो. हल्ली मोबाईलवर काहीही होतं."

"मग फॉलपण पिवळा झाला असता," पायल म्हणाली. "बाटलीचं पाणीपण झालं असतं. माझ्या सासूचे केसपण झाले असते. बघा ना, पांढरेच आहेत."

साहेबांनी व्हिडिओ दुसऱ्यांदा लावायला सांगितला. टँकरपाशी स्वतः थांबवला. "हा कशासाठी पाठवला होता?" त्यांनी विचारलं. गुरुदत्तनं शर्टाची बाही सरळ केली. म्हणाला, "सोशल वर्क."

काँक्रीट थांबलं. लेखी आदेश निघाला, शनिवारी सकाळी आठ वाजता गल्लीत खोदायचं, फुटलेला जोड शोधायचा, पाइप बदलायचा, खर्च बिल्डरचा. शांताबाईंनी आदेशाचा कागद दोनदा वाचून घेतला.

पण निघताना गुरुदत्त साहेबांना काय म्हणाला, तेही ऐका. "खोदू ना साहेब. तुम्ही कशाला त्रास घेता? फोटो काढून पाठवतो." आणि हसला. ते हसू मोहन्यापासून शहाडपर्यंत प्रत्येक वस्तीच्या ओळखीचं आहे. खड्डा खणायचा, नव्या पाइपाचा तुकडा आत ठेवून फोटो काढायचा, तुकडा उचलायचा, माती ढकलायची. सोमवारी काँक्रीट.

पायलनं गल्ली पावलांनी मोजली. तीन ठिकाणी खोदणार आहेत, नळापाशी, पाइप गटाराखालून जातो तिथं, आणि मुख्य लाइनीच्या तोंडाशी. मधल्या वळणामुळे एका खड्ड्यावरून दुसरा दिसत नाही. शनिवारी प्रफुल्लचं बदलापूरला लग्न आहे, कॅमेरा त्याच्याबरोबर जाणार. उरला पायलचा फोन. एक फोन, तीन खड्डे.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. शनिवारी सकाळी आठच्या आत सुजातानगरच्या गल्लीत या. फोन पूर्ण चार्ज करून आणा. पांढरा फॉल फ्रेममध्ये धरून रंग कसा पक्का करायचा ते पायल दोन मिनिटांत शिकवेल, गोल लाइट लागत नाही. एका खड्ड्याच्या काठावर उभे राहा, टेप चालू ठेवा, आणि जुना पाइप बाहेर पडून नवा जोडला गेल्याचं तुमच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत, कुणी चहाला बोलावलं तरी, तिथून हलू नका.